दोन किलोमीटरच्या अलीकडे-पलीकडे

करसवलत घेणारा आणि कर चोरणारा यांच्यात फरक फक्त सीएच्या फीचा, हे मत आता हदगावच्या मोंढ्यातही ऐकू येतं. "दोघांनीही सरकारचेच पैसे ठेवून घेतले ना?" असा त्यामागचा सवाल असतो. हे मत नुसतं चुकीचं नाही, ते आपल्या शेतकऱ्याच्या मुळावर येणारं आहे.

जमिनीचंच उदाहरण घ्या. हदगाव नगरपरिषदेच्या हद्दीतली शेतजमीन विकली, तर भांडवली नफ्यावर कर लागतो. दहा हजार ते एक लाख वस्तीच्या शहराभोवती आयकर कायद्याने सरळ रेषेत दोन किलोमीटरचा पट्टा आखला आहे. त्या पट्ट्यातल्या जमिनीलाही तोच नियम. पट्ट्यापलीकडची शेतजमीन मात्र कायद्याच्या लेखी भांडवली मालमत्ताच नाही. पलीकडच्या शेतकऱ्याने ती साठ लाखांना विकली, सगळे पैसे बँकेतून घेतले आणि रुपयाही कर भरला नाही, तरी त्याने काहीच चोरलेलं नाही. अलीकडच्याने आपली कसलेली जमीन विकून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर कायदा त्यालाही सवलत देतो. तीही हक्काची.

आता तिसरा बघा. त्याचीही जमीन अलीकडचीच. खरेदीखतावर तीस लाख, उरलेले तीस रोख. त्याने चुकवलेला कर पहिल्या दोघांच्या बचतीहून कमीही असेल. तरी गुन्हेगार तोच, कारण त्याने खोटा कागद केला. १९६१ च्या आयकर कायद्याने कलम २७६सीखाली शिक्षा सांगितली ती जाणूनबुजून कर चुकवण्याला. किती पैसे वाचले यावरून गुन्हा ठरत नाही. व्यवहार झाला तसा सांगितला की लपवला, यावरून ठरतो.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. मोठ्यांना सवलतीही मोठ्या सापडतात. २००७ मध्ये हचिसनचा भारतातला मोबाइल धंदा केमन बेटांवरच्या एका कंपनीच्या शेअरविक्रीतून व्होडाफोनकडे गेला. आयकर खात्याने सुमारे अकरा हजार कोटींची मागणी केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. याचा राग यावा हे रास्तच आहे. पण उपाय कायदा बदलण्यात आहे, तोही पुढच्या व्यवहारांसाठी. सरकारने त्याच वर्षी मागील तारखेपासून दुरुस्ती केली आणि २०२१ मध्ये तीच मागे घ्यावी लागली. खरा उपाय झाला तो एप्रिल २०१७ पासून: निव्वळ करलाभासाठी उभारलेली पोकळ रचना खात्याला नाकारता येते, लाभ तीन कोटींच्या वर असला तर. १९८५ च्या मॅकडॉवेल निकालातही न्यायालयाने कायद्यात बसणारं नियोजन आणि दिखाऊ क्लृप्ती वेगळी काढलीच होती.

"सगळेच करतात" म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे, की या चोरीचा भार कुणावर पडतो? शेती उत्पन्न करमुक्त आहे. म्हणून दहा एकरांचा मालक असलेला कंत्राटदार विवरणपत्रात चाळीस लाखांचं शेती उत्पन्न दाखवतो. एकरी आठ क्विंटल सोयाबीन आणि २०२४-२५ चा ४,८९२ रुपये हमीभाव धरला, तर दहा एकरांत हाती येतात ३ लाख ९१ हजार, तेही बी, खत, फवारणी, मजुरी वजा न करता. बाकीचे छत्तीस लाख कोणत्या शिवारात पिकले? कॅगने २०१९ च्या अहवालात तपासलेल्या ६,७७८ प्रकरणांपैकी १,५२७ मध्ये पुरेशी कागदपत्रं न बघताच ही सूट दिल्याचं नोंदवलं आहे. असं प्रकरण बाहेर आलं की शहरातून मागणी उठते: शेतीवर कर लावा. चोरी कंत्राटदाराची, आणि संशयित ठरतो कयाधूकाठचा तीन एकरवाला!

म्हणून सवलत आणि चोरी एकाच मापाने मोजू नका. मोठ्या शेती उत्पन्नाचा दावा आला की खात्याने सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद आणि बाजार समितीची पावती समोर ठेवावी. खऱ्या शेतकऱ्याकडे या तिन्ही गोष्टी असायला हव्यात. आणि आडत्यांनी कच्च्या चिठ्ठीवर माल घेणं थांबवावं, कारण त्या चिठ्ठीमुळे आपलं खरं उत्पन्न सिद्ध करायला शेतकऱ्याच्याच हाती कागद उरत नाही.