शेपर्ड गप्प बसले नाहीत

एखाद्या खेळाडूने सामाजिक प्रश्नावर तोंड उघडलं, की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: तू तुझा खेळ बघ. एखाद्या धर्मगुरूने बेकारीबद्दल किंवा झोपडपट्टीबद्दल काही म्हटलं, तर त्यालाही देवाधर्माचं बघण्याचा सल्ला मिळतो. डेव्हिड शेपर्ड यांना आयुष्यभर हे दोन्ही सल्ले मिळत राहिले आणि त्यांनी दोन्ही मानले नाहीत. आधी ते इंग्लंडचे कसोटी सलामीवीर होते. पुढे 22 वर्षं लिव्हरपूलचे अँग्लिकन बिशप होते.

भारतीय क्रिकेटला शेपर्ड यांची ओळख 1952 मध्ये झाली. विजय हजारे यांच्या संघाविरुद्ध ओव्हलवर लेन हटन यांच्यासोबत सलामीला येऊन त्यांनी 119 धावा केल्या. पावसाने ओल्या झालेल्या खेळपट्टीवर भारताचा डाव नंतर 98 धावांत आटोपला आणि सामना अनिर्णित राहिला. तेव्हा शेपर्ड 23 वर्षांचे होते, केंब्रिज विद्यापीठाचे कर्णधार होते. पुढच्याच वर्षी त्यांनी ससेक्सचं नेतृत्व करून त्या संघाला कौंटी स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकावर नेलं. 1954 मध्ये पाकिस्तानविरुद्ध दोन कसोटींत ते इंग्लंडचे कर्णधारही झाले. हटन यांच्यानंतर कायमचं कर्णधारपद त्यांच्याकडे यावं, असं इंग्लंडमध्ये अनेकांना वाटत होतं.

पण त्यांची वाट ठरून गेली होती. केंब्रिजमध्ये शिकत असतानाच त्यांच्यावर ख्रिस्ती श्रद्धेचा खोल परिणाम झाला होता. 1955 मध्ये त्यांनी धर्मदीक्षा घेतली आणि लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या चर्चमध्ये साहाय्यक धर्मगुरू म्हणून काम सुरू केलं. 1956 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा जवळजवळ काहीही सराव नसताना त्यांनी 113 धावा काढल्या. दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूने कसोटी खेळण्याची ती पहिलीच वेळ होती. तो सामना जगाच्या लक्षात आहे तो जिम लेकर यांच्या 19 बळींमुळे.

1957 मध्ये ते पत्नी ग्रेससह पूर्व लंडनच्या कॅनिंग टाउनमध्ये राहायला गेले. गोदी कामगारांची ही वस्ती युद्धातल्या बाँबहल्ल्यांनी पोळलेली होती. चर्चशी तिथल्या बहुतेकांचा संबंध नव्हता. तिथल्या मेफ्लॉवर केंद्राचे प्रमुख म्हणून शेपर्ड यांनी 12 वर्षं काढली. तरुणांचे क्लब, लहान मुलांची बालवाडी, घरोघरी गाठीभेटी असं ते काम होतं. खासगी शाळेत आणि केंब्रिजमध्ये शिकलेल्या वकिलाच्या मुलाला गरिबी ही माणसाच्या आळसातून येत नाही, हे तिथे रोज दिसत होतं. पुढे त्यांनी जे जे म्हटलं त्याला वजन आलं ते या 12 वर्षांमुळे.

1960 च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला. 69 माणसं मारली गेली. त्याच उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेचा फक्त गोऱ्यांचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर आला. या संघाविरुद्ध आपण खेळणार नाही, असं शेपर्ड यांनी जाहीर केलं. तब्येत बरी नाही, केंद्रातलं काम जास्त आहे, असं काही सांगून त्यांना बाजूला होता आलं असतं. त्यांनी कारण स्पष्ट सांगितलं आणि टीका अंगावर घेतली.

खरी परीक्षा 1968 मध्ये झाली. केपटाउनचे बेसिल डी'ऑलिव्हेरा गोरे नव्हते, म्हणून त्यांना मायदेशाच्या संघाची दारं बंद होती. ते इंग्लंडला आले, इंग्लंडकडून खेळू लागले. ऑगस्टमध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी 158 धावा केल्या आणि लगेचच दक्षिण आफ्रिका दौऱ्याच्या संघातून त्यांचं नाव गळलं. संघ निवडणाऱ्या मेरिलिबोन क्रिकेट क्लबने कारण दिलं ते निव्वळ क्रिकेटचं. देशभर संताप उसळला. टॉम कार्टराइट जखमी झाले, त्यांच्या जागी डी'ऑलिव्हेरांना घेण्यात आलं, तेव्हा दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फॉर्स्टर यांनी हा संघ स्वीकारायला नकार दिला आणि दौराच रद्द झाला.

शेपर्ड त्या क्लबचे सदस्य होते. बंडखोर सदस्यांचं नेतृत्व करून त्यांनी डिसेंबर 1968 मध्ये क्लबला खास सभा घ्यायला भाग पाडलं. त्यांच्या ठरावाला अनुमोदन दिलं तरुण माइक ब्रेअर्ली यांनी, जे पुढे इंग्लंडचे कर्णधार झाले. समोर बसलेल्यांत जुने सहकारी होते, मित्र होते. सभेत वातावरण तापलं आणि शेपर्ड यांचे ठराव मोठ्या फरकाने फेटाळले गेले.

विरोधकांची बाजू पोकळ नव्हती, हे मान्य करायला हवं. खेळाचे संबंध तुटले तर आफ्रिकेतले गोरे आणखी आडमुठे होतील, येणंजाणं राहिलं तर हळूहळू मन बदलेल, असं त्यांतल्या कित्येकांना प्रामाणिकपणे वाटत होतं. पण अनेक दशकांच्या येण्याजाण्याने दक्षिण आफ्रिकेच्या संघात एकाही काळ्या खेळाडूला जागा मिळाली नव्हती. फक्त गोऱ्यांच्या संघाशी खेळत राहणं हाच एक राजकीय निर्णय आहे, ही शेपर्ड यांची भूमिका होती. इतिहासाने कौल दिला तो त्यांच्या बाजूने. 1970 चा दक्षिण आफ्रिकेचा इंग्लंड दौरा जनआंदोलनानंतर रद्द झाला आणि त्या देशाला पुढची कसोटी खेळायला 1992 साल उजाडावं लागलं.

या बाबतीत भारताची भूमिका आधीपासून ठाम होती. 1946 मध्येच भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. 1974 मध्ये डेव्हिस करंडकाची अंतिम फेरी गाठूनही भारताच्या टेनिस संघाने दक्षिण आफ्रिकेशी खेळायला नकार दिला आणि करंडक सोडून दिला. वर्णद्वेषाचा अंत दिसू लागल्यावर, नोव्हेंबर 1991 मध्ये, दक्षिण आफ्रिकेचा संघ आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतला तो कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर. खेळात राजकारण नको म्हणणाऱ्या आजच्या भारतीय रसिकाने हा वारसा आठवावा.

1969 मध्ये शेपर्ड वुलिचचे बिशप झाले आणि 1975 मध्ये लिव्हरपूलचे. बंदर ओस पडत होतं, कारखान्यांना कुलपं लागत होती. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं जुनं वैर शहराच्या गल्ल्यांत मुरलेलं होतं. 1976 मध्ये डेरेक वर्लॉक तिथे कॅथलिक आर्चबिशप म्हणून आले आणि दोघांनी ठरवून सगळं जोडीने करायला सुरुवात केली. लिव्हरपूलकरांनी त्यांचं नाव ठेवलं ‘फिश अँड चिप्स’. वर्तमानपत्रात गुंडाळून मिळणाऱ्या त्या खाण्यासारखे कायम एकत्र आणि कायम वर्तमानपत्रात! 1981 च्या जुलैमध्ये टॉक्स्टेथ भागात दंगल पेटली. पोलिसांच्या वागण्याबद्दल काळ्या तरुणांचा राग वर्षानुवर्षं साचत आला होता. दोघे बिशप त्या वस्तीत गेले, लोकांचं ऐकून घेतलं आणि तिथे कायदेविषयक मदत केंद्र उभं राहावं म्हणून पाठीशी राहिले. 1989 मध्ये हिल्सबरो स्टेडियमवरच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूल संघाने 97 चाहते गमावले. शोकात बुडालेल्या शहराला आधार द्यायलाही ही जोडी एकत्र उभी होती.

1985 मध्ये अँग्लिकन चर्चच्या आयोगाने शहरांतल्या गरीब भागांवर ‘फेथ इन द सिटी’ हा अहवाल दिला. शेपर्ड त्या आयोगाचे उपाध्यक्ष होते. सरकारची धोरणं आणि चर्चची स्वतःची उदासीनता, दोन्हींवर त्यात बोट ठेवलं होतं. थॅचर सरकारमधल्या एका मंत्र्याने नाव न देता अहवालाला मार्क्सवादी ठरवलं. बिशपांनी राजकारणात पडू नये, हा सूर तेव्हा पुन्हा लागला. तो विशेष खोटा होता, कारण इंग्लंडमध्ये राजघराण्याचा प्रमुखच चर्चचा प्रमुख असतो आणि 26 बिशप वरिष्ठ सभागृहात बसतात. बिशपांनी राजाला आशीर्वाद द्यावा, पण बेकारांबद्दल बोलू नये, ही अपेक्षा सोयीची होती, तत्त्वाची नव्हती. याच अहवालातून पुढे चर्च अर्बन फंड उभा राहिला आणि गरीब वस्त्यांतल्या कामांना पैसा मिळू लागला.

शेपर्ड 1997 मध्ये निवृत्त झाले आणि 5 मार्च 2005 रोजी गेले. त्यांच्या नावावर 22 कसोटी आणि तीन शतकं आहेत.

आपले खेळाडू आणि आपले धर्मगुरू अन्यायाबद्दल बोलतात तेव्हा ते प्रत्येक वेळी बरोबरच असतील असं नाही. त्यांचं म्हणणं तपासावं, चुकत असेल तर खोडून काढावं. पण ‘तू तुझा खेळ बघ’ हे उत्तर मराठी वाचकांनी तरी यापुढे कुणाला देऊ नये.