पेटीची जादू, गराड्यातली जादू

परवा एका लग्नाच्या स्वागतसमारंभात जादूचे प्रयोग होते. हिरवळीवर मंच आणि माणसे चहूबाजूंनी! मागच्या पोरांनी पेटीचे गुपित ओरडून सांगितले; जादूगार बिचारा ओशाळला. दोष त्याचा नव्हे, बोलावणाऱ्यांचा. पी. सी. सरकारांनी १९५६ साली बीबीसीवर मुलगी करवतीने कापली, तेव्हा घाबरलेल्या प्रेक्षकांचे फोनवर फोन गेले. पण ते सारे पाहत होते समोरून. पेटीच्या जादूला रंगमंच, विंग, पडदा हवाच. उलट रस्त्यावरचा गारुडी पाहा. गर्दीच्या गराड्यात वाट्या-गोळ्यांचा खेळ करतो. ना पडदा, ना दिवे, फक्त हातचलाखी आणि तोंडाची टकळी. लग्न-बारशाला शोभते ती त्याचीच तऱ्हा. पण यजमान विसार देताना विचारतात, ‘पेटी मोठी आहे ना?’