मुलाला गोष्ट सांगू द्या

गणेशोत्सवाच्या किंवा हळदीकुंकवाच्या निमित्ताने लहान मुलाला मंडळींपुढे उभे करून 'गोष्ट म्हणून दाखव' असे सांगण्याची चाल आपल्या वडोदऱ्यातील मराठी घरांत अद्याप आहे. मूल घडाघडा म्हणते, टाळ्या पडतात, आजीचे डोळे पाणावतात. मीही पुष्कळ मुलांकडून अशा गोष्टी पाठ करवून घेतल्या आहेत. त्यांतल्या एकाची तरी मी फसगत केली, असे आज मला वाटते.

हा मुलगा दांडिया बाजारातला. गाण्याच्या वर्गाला आला तेव्हा साडेपाच वर्षांचा. सूर पक्का, सरगम एकदा ऐकवावी नि त्याने उचलावी. परंतु बोलणे फार उशिरा सुरू झालेले, वाक्ये तुटकी. उत्सवात मी त्याच्याकडून काऊ-चिऊची गोष्ट चालीवर बसवून घेतली. एक शब्द चुकला नाही. खाली उतरल्यावर एका बाईंनी सहज विचारले, 'कावळा चिमणीकडे का रे गेला?' मुलगा नुसता पाहत राहिला. पुन्हा विचारले, तेव्हा त्याने गोष्ट पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. शेणाचे घर पावसात वाहून गेले म्हणून कावळा दारात आला, हा त्या गोष्टीचा कणा. तोच त्याच्यापाशी नव्हता, आणि मी तर त्याला शाबासकी देऊन बसलो होतो.

मूल ऐकते नीट, दुसरे काही कारणही दिसत नाही, तरी भाषा हाताला लागत नाही, अशी स्थिती पुष्कळ मुलांची असते. २०१७ साली इंग्रजी भाषिक देशांतील तज्ज्ञांनी विचारविनिमय करून तिला 'विकासात्मक भाषा-विकार' अशा अर्थाचे नाव ठरवले. इंग्लंडातील एका मोठ्या पाहणीत शेकडा सात मुलांत ती आढळली, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन. त्यांना आपण मठ्ठ, हट्टी किंवा लाजाळू म्हणून मोकळे होतो.

गोष्टीचे महत्त्व येथे आहे. बिशप व एडमंडसन या संशोधकांनी १९८७ साली चार वर्षांच्या अशा मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. कोणाची अडचण पुढे दूर होईल नि कोणाची राहील, याचा सर्वांत चांगला अंदाज, ऐकलेली गोष्ट चित्रे पाहून पुन्हा सांगता येते का, यावरून आला. शब्द किती येतात याहून शब्दांची साखळी जुळते का, हे पाहिले पाहिजे. कोण होते, कुठे होते, काय बिघडले, मग त्याने काय केले, शेवटी काय झाले; आणि या सर्वांना जोडणारे 'म्हणून' नि 'कारण'. आमच्या मुलाच्या बोलण्यात 'म्हणून' हा शब्दच नव्हता.

गुजरातेत राहणाऱ्या आपल्या लोकांना तर गोष्टीचे महत्त्व कोणी सांगायला नको. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले आणि गोष्ट सांगण्याचे शास्त्रच लिहिले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक आपल्याच. शंभर वर्षांत आपण काय केले, तर गोष्ट मुलाच्या हातून काढून पडद्यावर नेऊन ठेवली. पडदा गोष्ट सांगतो खरा, पण मुलाची गोष्ट ऐकत नाही.

या मुलाच्या शाळेने घरच्यांना सल्ला दिला, 'घरी मराठी बंद करा, म्हणजे गोंधळ होणार नाही.' हा सल्ला चुकीचा आहे, असे मी स्पष्ट म्हणतो. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी, यामुळे हा विकार होत नाही. ज्याला तो आहे त्याला तो प्रत्येक भाषेत जाणवतो. त्या घरी सहा महिने मराठी बंद होती. फळ इतकेच मिळाले की आजी गप्प झाली, कारण तिला इंग्रजीतून गोष्ट सांगता येत नव्हती.

पुढे वाणी-उपचार करणाऱ्या बाईंनी मराठी पुन्हा सुरू करविली आणि आजीलाच कामाला लावले. उत्तरायण नुकतेच झाले होते. त्या दिवशी जे घडले त्याची तीन चित्रे आजीने पाटीवर काढली, काड्यांची माणसे. मुलगा म्हणाला, 'पतंग गेली. अगाशी. काका ओरडला.' पूर्वी आजीने 'गेली नव्हे, गेला' आणि 'अगाशी नव्हे, गच्ची' असे म्हटले असते नि गोष्ट तिथेच संपली असती. आता ती म्हणाली, 'अगं बाई! पतंग काकांच्या अगाशीवर गेला, म्हणून काका ओरडले. मग?' आणि थांबली. हे थांबणे सर्वांत कठीण. मोठ्या माणसाला दोन क्षणांची शांतता सोसत नाही, तो मुलाच्या तोंडचा घास काढून घेतो.

आमचे तीर्थरूप राजवाड्याचे गवई. शागीर्द आवर्तनात चुकला तर ते मध्येच कधी टोकत नसत. समेवर येऊ देत, मग स्वतः तीच जागा नीट गाऊन दाखवीत. मी ते वर्गात पाळत आलो, परंतु बोलण्यालाही ते लागू आहे हे मला आजीने शिकवले. गाण्याने भाषा सुधारते, असा मात्र कोणी माझ्या नावावर अर्थ काढू नये. चालीने पाठांतर झाले, गोष्ट आली नाही, हे मी पाहिलेच आहे.

तीच गोष्ट आठवडाभर चालली. वाट्या मांडून, पतंगाऐवजी कागदाचा चिटोरा घेऊन. काकांना काय वाटले असेल, हा प्रश्न चौथ्या दिवशी आला. त्याआधी विचारण्यात अर्थ नव्हता. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडीत नसेल तर 'आपल्या घरात मुले उशिराच बोलतात' असे म्हणत बसू नये. आधी कान तपासून घ्यावेत, मग जाणकाराला दाखवावे. आजीची गोष्ट उपचाराच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.

मुलगा आता सात वर्षांचा आहे. अजून अडखळतो, इतरांच्या मागेच आहे. परवा वर्गाला उशिरा आला. कारण विचारले. 'बाबांची स्कूटर बंद पडली. रावपुऱ्यात. म्हणून... आम्ही ढकलली. बाबा हसले.' तबल्यावरच्या मुलाने ठेका धरायला हात उचलला होता. मी खुणेने त्याला थांबवले, कारण आमच्या स्वारीचे सांगून झाले नव्हते.