पारितोषिकांचें भाकीत

ऑस्कर पारितोषिकांचे दिवस जवळ आले, कीं घरोघरीं भाकितांस ऊत येतो. दोन-अडीच मिनिटांचा ट्रेलर पाहून तरुण मंडळी विजेता ठरवून मोकळी होते. शितावरून भाताची परीक्षा होते हें खरें. पण तें शीत स्वयंपाक्यानेंच निवडून दिलेलें असल्यास?

पारितोषिकाचीही तीच गत. १९४२ सालीं 'सिटिझन केन'ला नऊ नामांकनें असून पारितोषिक मिळालें एकच, मूळ पटकथेचें. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली'. पुढें 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाच्या दर दहा वर्षांच्या कौलांत मात्र १९६२ पासून २००२ पर्यंत समीक्षकांनीं 'केन'लाच अग्रस्थान दिलें.

भाकितें हौसेनें करावीं. परंतु संपूर्ण चित्रपट पाहिल्यावांचून कोणत्याही कृतीस हीन लेखूं नये, एवढीच आमची मुलांना आणि वडीलधाऱ्यांनाही विनंती.