बोरघाटात वेग मोजायचा तो अख्ख्या पल्ल्याचा

माथेरानला निघालेला पर्यटक दस्तुरी नाक्यावर निमूट गाडी उभी करतो. पुढे चालत, घोड्यावरून नाहीतर अमन लॉजहून मिनी ट्रेनने जायचे, यावर तो हुज्जत घालत नाही. त्याच प्रवासात खालापूरच्या हद्दीत द्रुतगती मार्गावरच्या कॅमेऱ्याने पकडले आणि मोबाइलवर चलान आले, की मात्र ‘ही लूट आहे’ असा सूर लागतो. हा राग समजून घ्यायला हवा. कॅमेरे काढून टाका ही मागणी मात्र मान्य करता येणार नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जेमतेम 95 किलोमीटरचा. 2016 या एका वर्षात त्यावर 151 माणसे गेली.

जुलै 2024 पासून या मार्गावर कमानींवरचे कॅमेरे चलान पाठवू लागले. सपाटीवर मोटारींना ताशी 100 आणि बोरघाटात 60 किलोमीटरची मर्यादा आहे. पण रोज जा-ये करणाऱ्यांना कमान कुठे आहे हे पाठ असते. ती दिसली की ब्रेक, ती मागे पडली की पुन्हा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या एका अभ्यासात ब्रिटनमधले हेच चित्र दिसले होते: कॅमेऱ्यापासून पाचशे मीटरच्या आत अपघात आणि मृत्यू बरेच घटले, पण दीड किलोमीटरपलीकडे अपघात पुन्हा वाढल्याच्या खुणा आढळल्या.

यावर तोडगा आहे, आणि तो सरासरी वेगाचा. दोन कॅमेऱ्यांमध्ये दहा किलोमीटरचे अंतर असेल, तर साठच्या मर्यादेत ते कापायला दहा मिनिटे लागतात. सात मिनिटांत पोहोचलेली गाडी सरासरी 85 च्या वर धावली, हे सांगायला पंचाची गरज नाही. मध्येच ब्रेक दाबून हा हिशेब चुकवता येत नाही.

बोरघाटात तर याचे मोल आणखी मोठे. डिझेल वाचवण्यासाठी काही ट्रकचालक खंडाळ्याकडून उतरताना गाडी न्यूट्रल करतात. इंजिनाचा रोध संपतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि खोपोलीच्या बाजूला नेमक्या गरजेच्या क्षणी लागत नाहीत. मग पुढच्या रांगेतल्या मोटारी चिरडतात. गिअर कोणता हे कॅमेऱ्याला दिसत नाही, पण न्यूट्रलवर सोडलेला ट्रक अख्खा उतार किती वेळात उतरला हे त्याला नक्की कळते. तो आकडा वरच्या टप्प्यातच मिळाला, तर खाली पोहोचण्याआधी त्या ट्रकला थांबवता येईल. दंडापेक्षा हे काम कितीतरी मोलाचे.

मालवाहतूकदारांनी जुलै 2025 मध्ये ई-चलानाविरोधात संप केला. त्यांच्या तक्रारी साफ झटकून टाकण्यासारख्या नाहीत. कॅमेऱ्याआधी ठळक फलक असलाच पाहिजे, केंद्रीय मोटार वाहन नियमांतही तशी तरतूद आहे. उतारावर जड वाहनांची मर्यादा किती असावी, हे ट्रक चालवणाऱ्यांना विचारून ठरवावे. चुकीच्या चलानावर दाद मागणे सोपे असावे. हे झाले नाही, तर दंड थकत जातील आणि कॅमेऱ्याचा धाकही उरणार नाही.

आणि जुना महामार्ग? 15 एप्रिल 2023 च्या पहाटे शिंग्रोबा मंदिराजवळ बस दरीत कोसळून ढोल-ताशा पथकातल्या मुलांसह 13 जणांचा जीव गेला, तो याच जुन्या घाटात. द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची रांग आणि शेजारच्या जुन्या रस्त्यावर मोकळे रान, ही विषमता आधी संपवायला हवी. खंडाळा ते खोपोली हा उतार सरासरी वेगाच्या कॅमेऱ्यांखाली आणावा. महामार्ग पोलिसांनी चलानांच्या रकमेबरोबर खालापूर आणि खोपोलीच्या हद्दीतले मृत्यू आणि जखमींचे आकडे दर महिन्याला जाहीर करावेत. वसुली किती झाली यापेक्षा माणसे किती वाचली, हे खालापूरकरांना त्यातून कळेल.