मंजुरीनंतरची कात्री

‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ ही १९६५ साली स्थापन झालेली, कलांना अनुदान देणारी सरकारी संस्थाच गुंडाळावी, असा प्रस्ताव ट्रम्प सरकारने २ मे २०२५ रोजी अर्थसंकल्पात मांडला आणि त्याच संध्याकाळपासून अमेरिकेतील छोट्या वाङ्मयीन मासिकांच्या संपादकांना ई-मेल येऊ लागले : तुमचे मंजूर अनुदान रद्द. ‘एन प्लस वन’, ‘मॅकस्वीनीज’, ‘इलेक्ट्रिक लिटरेचर’ ही त्यातली ठळक नावे. याला काटकसर म्हणावे, तर हिशेब जुळत नाही. संस्थेची वार्षिक तरतूद २० कोटी ७० लाख डॉलर, म्हणजे केंद्र सरकारच्या दर १०० डॉलर खर्चात अर्धा सेंटही नाही. पत्रातले कारणही वेगळेच होते. अग्रक्रम बदलले आहेत. यापुढे स्वातंत्र्याचा २५० वा वर्धापनदिन, कृत्रिम बुद्धिमत्ता, आपत्तीनंतरची उभारणी अशा विषयांना पैसा मिळेल. तेव्हा कात्री लागली ती निवडीच्या निकषाला. कथा चांगली आहे की नाही, हे विचारणाऱ्या तज्ज्ञ समितीच्या जागी ती कोणत्या सरकारी विषयात बसते, हा प्रश्न आला.

रक्कम किरकोळ होती, मग एवढा आकांत कशाला, असे विचारले जाते. या अनुदानाची रीत पाहिली तर उत्तर मिळते. जेवढे सरकार देणार, तेवढेच मासिकाने बाहेरून उभे करायचे. समितीची पसंती हीच देणगीदारांना दाखवायची पत. शिवाय बहुतेकदा खर्च आधी, परतावा नंतर. सरकारच्या शब्दावर संपादकाने लेखकांना मानधन कबूल केलेले असते, छापखान्याला कागद सांगितलेला असतो. अशा वेळी आलेला नकार थेट उधारीत जमा होतो.

लघुनियतकालिकाने सरकारदरबारी जावेच कशाला, हा आक्षेप मराठी वाचकाच्या तोंडी लगेच येईल. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ ही लघुनियतकालिके सरकारी दमडीशिवाय निघाली आणि मराठी कवितेचा नूर पालटून गेली, हे खरेच. पण ते अंक संपादकांच्या खिशातून निघत, लेखकाला मानधन नसे आणि त्यांचे आयुष्यही थोडेच असे. वर्षानुवर्षे नवख्यांची हस्तलिखिते वाचणे, दुरुस्त करून घेणे, छापणे हे काम पदरमोडीवर किती दिवस चालणार? दुसरा मार्ग दानशूरांचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये काही मोठ्या फाउंडेशनांनी मिळून पाच वर्षांसाठी किमान ५ कोटी डॉलरचा साहित्यनिधी जाहीर केला. स्वागतच आहे, मात्र सरकारी संस्थेला ४० टक्के पैसा राज्य आणि प्रादेशिक कलासंस्थांकडे द्यावा लागतो, तसे बंधन धनिकांवर नाही.

निवडून आलेल्या सरकारला अग्रक्रम ठरवण्याचा अधिकार आहे, हा युक्तिवाद अधिक वजनदार. तो मान्य, पण पुढच्या वर्षासाठी. दिलेला शब्द मागे घेण्याची मुभा त्यातून निघत नाही. या खोडीपासून महाराष्ट्रही मुक्त नाही. ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य वाङ्मय पुरस्कार डिसेंबर २०२२ मध्ये सहा दिवसांत रद्द झाला, निवड समितीही बरखास्त झाली. आपल्याकडेही वाङ्मयीन नियतकालिके राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून असतात. तज्ज्ञ समितीने मंजूर केलेली रक्कम किंवा पुरस्कार गैरव्यवहार सिद्ध झाल्याशिवाय मागे घेता येणार नाही, एवढे एक कलम राज्य सरकारने नियमांत घालावे. त्याला तिजोरीतून एक रुपयाही लागत नाही.