नियम मोडला म्हणजे अपघात केला?

बाइकचा अपघात झाला की कट्ट्यावर पहिला प्रश्न ठरलेलाच. ‘ट्रिपल सीट होते का? हेल्मेट होतं का?’ मनासारखं उत्तर मिळालं की लगेच निकाल, ‘मग भोगा आता!’ धडक देणारा कारवाला राहतो बाजूलाच.

कोर्ट मात्र इतकी घाई करत नाही आणि माझ्या मते तेच बरोबर आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा 2020 मधला एक निकाल बघा. एका बाइकवर तिघं होते. मागून कारने धडक दिली आणि 23 वर्षांचा तरुण गेला. तिघं बसले होते म्हणून उच्च न्यायालयाने त्याच्या आईवडिलांना मिळणाऱ्या भरपाईतून 10 टक्के कापले. सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. तिघांनी बसणं हा नियमभंग आहेच, पण त्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हे दिसायला हवं. नुसता नियम मोडला एवढं कारण पुरेसं नाही.

मग ट्रिपल सीटला परवानगी मिळाली का? अजिबात नाही. त्यासाठी कायद्यात दंड आहे, तीन महिने लायसन्सही जाऊ शकतं. पण दंड नियम मोडल्याचा असतो आणि भरपाई दुसऱ्याने केलेल्या नुकसानाची. हे दोन हिशेब वेगळे.

आपली जबाबदारी इथे संपत नाही. तिघांच्या वजनाने तोल गेला आणि बाइक समोरच्या गाडीवर आदळली, तर कपात होणारच. हेल्मेट नसताना डोक्याला मार लागला, तर तोही मुद्दा निघणार. पण पाय मोडला असेल, तर हेल्मेटचा काय संबंध?

10 लाखांच्या भरपाईत 10 टक्के म्हणजे एक लाख. कमावता मुलगा गेलेल्या घरासाठी ही रक्कम छोटी नाही. इन्शुरन्स कंपनी कपात मागणार, तो तिचा धंदा आहे. पण आपण कशाला तिची वकिली करायची?

ज्याची जेवढी चूक, तेवढीच त्याच्या पदरात पडावी. हेल्मेट घालाच, तिसऱ्याला रिक्षाने पाठवा. आणि पुढच्या वेळी अपघाताची बातमी आली, की ‘हेल्मेट होतं का?’च्या आधी एक प्रश्न विचारा, ‘धडक कोणी दिली?’